दारातला शब्द

१

पडद्यावरच्या बाईने दार उघडलं, आमच्याकडे पाठ करून क्षणभर थांबली आणि चुकीचा शब्द बोलली.

"येते."

दार लागलं. नवऱ्याचा चेहरा आला. त्याने हळूच मान वर केली. मग पडदा काळा झाला आणि पहिल्या रांगेतून लेखक उठले.

"माझं नाव काढा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता काढा."

त्यांचं काही चुकत नव्हतं. हे नाटक म्हणजे नवरा, बायको, एक खोली आणि संध्याकाळभर चाललेलं भांडण. बाकी काही नाही. कितीतरी वर्षं ते रंगमंचावर चाललं ते शेवटच्या एका शब्दासाठी. आपल्यात घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. दुकानात जायचं असलं तरी 'येते' म्हणायचं. या नाटकातली बायको दारात उभी राहून सरळ 'जाते' म्हणायची आणि थिएटरातल्या बायका पदर तोंडाशी न्यायच्या. आता त्याच नाटकाचा सिनेमा झाला होता आणि त्याच शब्दाची कुणीतरी वाट लावली होती.

दिग्दर्शक माझ्याकडे वळले. सिनेमाभर ते माझ्या पुढच्याच खुर्चीत होते. प्रत्येक वाक्याला त्यांचे ओठ हलत होते. देवळात शेजारचा माणूस स्तोत्र पुटपुटतो ना, तसे.

"हे काय आहे?"

"मला माहीत नाही, सर."

"संकलन कुणी केलंय?"

"मी."

"मग माहीत कुणाला असणार? शेजारच्या वॉचमनला?"

मांडीवर माझी आठ महिन्यांची ठमी होती. तिला दात येत होते आणि ती माझं बोट चावत होती. कळ आली तरी मी बोट काढलं नाही. काढलं असतं तर तिने भोकाड पसरलं असतं, आणि त्या खोलीत आधीच पुरेसं भोकाड चाललं होतं.

"हा प्रसंग कापताना तू हा शब्द ऐकला नाहीस?"

इथे माझी खरी गोची होती. त्या प्रसंगात बोलणं एका शब्दाचं, आणि तो शब्द आम्हा सगळ्यांना पाठ. ठमी तेव्हा टेबलाखालच्या टोपलीत नुकती कुठे झोपली होती. हेडफोन घातले असते तर तिला जाग आलेली कळली नसती, म्हणून मी आवाज बंद ठेवून नुसत्या चित्रावर तो प्रसंग कापला होता.

"नाही ऐकला," मी म्हणाले.

"बाळंतपणानंतर बायकांचं डोकं वर्षभर ठिकाणावर नसतं, असं आमची बहीण म्हणते," दिग्दर्शक लेखकांना म्हणाले. जसं काही मी तिथे नव्हतेच. मग मला म्हणाले, "मूळ शब्द शोधून आण. परवा सकाळी दुसरा संकलक येऊन बसेल. नावही त्याचंच लागेल."

ही माझी पहिली फिल्म होती. ती मी दुपारच्या झोपा चोरून, एका हाताने बाटली धरून कापली होती.

२

संकलनाच्या खोलीत मी ठमीला टोपलीत ठेवलं, दार लावलं आणि तो शॉट काढला.

बाई पाठमोरी. केस वर बांधलेले. कानात लांब डूल, ते मानेशी लोंबतायत. तिच्यासमोर उघडं दार. "येते." शब्द स्वच्छ होता. मागेपुढे कुठे जोड दिसेना. टेक एकच होता. खिडकीतला उजेड उतरायच्या आत एका दमात घ्यायचा म्हणून दिग्दर्शकांनी दुसरा घेतलाच नव्हता. आवाजाचं कार्ड माझ्या मशीनवर उतरवून लगेच दुसऱ्या कामाला गेलं होतं. म्हणजे मूळ शब्द जगात कुठे असलाच, तर माझ्याकडे. आणि माझ्याकडे तो नव्हता.

मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. ठमी चुळबुळली, म्हणून हेडफोन घातले.

आणि मग तेवढाच तुकडा मी पुन्हा लावला.

'येते'च्या खाली अगदी पुसट असा दुसरा शब्द होता. श्वासाइतकाच.

"जाते."

मी हेडफोन काढले, पुन्हा घातले. होता. मी दिग्दर्शकांना हाक मारली. ते ऐकताना डोळे मिटून उभे राहिले आणि मग त्यांनी टेबलावर हात आपटला.

"मिळालं! हा खालचा खरा शब्द. कुणीतरी पुसला आणि वर हा चिकटवला. नीट पुसलासुद्धा गेला नाही."

टोपलीतून रडणं सुरू झालं.

"या खोलीची किल्ली कुणाकडे असते?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे."

"फक्त तुझ्याकडे?"

"फक्त माझ्याकडे."

ठमीकडे बघून त्यांनी जिभेने चुकचुक केलं आणि निघून गेले. मला वाटलं, पुरावा मीच शोधून माझ्याच गळ्यात बांधून घेतला की काय.

३

आवाज घेणाऱ्याला सगळे कानसेन म्हणत. तो स्टुडिओच्या जिन्यात वायरी गुंडाळत बसला होता.

"तो शॉट घेताना तुम्ही हेडफोन लावून होतात," मी म्हणाले. "ती काय म्हणाली?"

"काय म्हणाली म्हणजे?"

"येते की जाते?"

"हे बघ," तो म्हणाला, "मी शब्द ऐकत नाही."

"मग काय ऐकता? चेष्टा करू नका हो."

"चेष्टा नाही. मी आवाज ऐकतो. पंखा चालू राहिलाय का, साडी माइकला घासतेय का, बाहेर कुत्रं भुंकतंय का. तेवढा शब्द सोडून बाकी सगळं ऐकतो. आमच्या घरी विचार. बायको काय बोलली ते मला कधी आठवत नाही, पण तिचा घसा बसला की मला आधी कळतं."

"माइक कुठे होता?"

"दाराच्या चौकटीवर. तिच्या डोक्याच्या जरा वर. तो सेटचा दरवाजा म्हणजे एक ताप होता. मिटतच नव्हता. शेवटी सरच पलीकडे उभे राहिले आणि तिने बाहेर पाऊल टाकल्यावर ओढून घेतला."

मी त्याला फोनवर तो खालचा शब्द ऐकवला. त्याने वायर खाली ठेवली.

"कुजबूज आहे."

"हिचीच ना?"

"कसं सांगू? बोलण्यात बाई-पुरुष कळतो, लहान-मोठा कळतो. कुजबुजीला काही नसतं, नुसती हवा. तुझी, माझी, सारखीच."

"पण 'जाते' आहे. म्हणजे बाईच."

"मग आहे बाई," तो म्हणाला आणि पुन्हा वायर गुंडाळू लागला. "मला कशाला विचारतेस, मी शब्द ऐकत नाही."

असं डोकं फिरलं माझं!

लेखकांना फोन केला तर ते आधी पाच मिनिटं मला झापत राहिले. मग म्हणाले, "मी कशाला माझाच शब्द बदलीन? तुमच्या दिग्दर्शकाला मी ओळखतो, तोही बदलणार नाही. हा मिसरूड न फुटलेला पोरगा होता तेव्हापासून माझ्या नाटकाच्या विंगेत उभा आहे. त्याच्याइतकं ते नाटक त्यात काम करणाऱ्या त्या दोघांनाही पाठ नाही. राहता राहिली तू." आणि फोन ठेवून दिला.

राहिली मी. आणि राहिले ते दोघं, नाटकातले नवरा-बायको. एके काळी ते खरोखरचेही नवरा-बायको होते. वेगळे झाल्यालाही बरीच वर्षं झाली. रोज रात्री रंगमंचावर भांडायचं आणि मग दोन गाड्यांनी दोन घरी जायचं. तरी नाटक त्यांनी सोडलं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी दादांकडे मी ठमीला घेऊनच गेले. सासूबाईंचा गुडघा धरला होता, दुसरा उपाय नव्हता. नवऱ्याचं काम करणारे ते दादा. त्यांनी दार उघडलं तेव्हा हातात चहाचा कप होता.

"शेवटचा शब्द बदललाय," मी आत शिरता शिरताच सांगितलं. "'येते' आहे तिथे."

कप बशीवर खडखडला. चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला, पण त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"तू ऐकलंस?" त्यांनी विचारलं. "स्वतःच्या कानांनी?"

"सगळ्यांनीच ऐकलं."

"सगळ्यांनी," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. "आणि आता तू ते काढून टाकणार."

"मूळ शब्द मिळाला तर तो बसवणार. कुणी बदलला, दादा? तुम्हाला माहीत आहे का?"

"मला काही माहीत नाही. त्या दिवशी सगळे म्हणाले की 'जाते' काय सुंदर आलं. मीही मान डोलावली." मग एकदम चिडून म्हणाले, "मला कशाला छळतेस? माझे कान म्हातारे झालेत. निघ तू. बाळाला ऊन लागेल."

बाहेर ऊन नव्हतंच. हा माणूस काहीतरी लपवतोय हे ठमीलाही कळलं असतं. पण काय लपवतोय?

बायकोचं काम करणाऱ्या ताई मात्र स्वतःच माझ्या संकलनाच्या खोलीवर आल्या. त्या अधूनमधून यायच्या. त्या ठमीला धरायच्या आणि मी तेवढ्यात दोन घास खाऊन घ्यायचे. आल्या आल्या त्यांनी ठमीला उचललं आणि ठमीने त्यांच्या डुलाला हात घातला.

"सोड गं भवाने. कान तोडशील." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या सरांचा फोन होता. उद्या डबिंगला बोलावलंय. 'जाते' म्हणून जा म्हणाले. एक शब्द बोलायला गाडी पाठवतायत. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता."

"ताई, इथे माझ्या पाठीमागे तुम्ही येऊन काही पुसलंत का?"

विचारलं आणि मलाच कानकोंडं झालं. त्या हसल्या.

"पुसता आलं असतं तर आधी दुसरं बरंच पुसलं असतं."

"मग त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणाले त्याला काय किंमत? कुणी ऐकलं, ते सांग. मी बोलले, दार लागलं, बाहेर आले तर सगळे टाळ्या वाजवतायत. म्हटलं झालं. कुणाच्या कानावर गेलंच नाही." त्यांनी ठमीची पापी घेतली, तिला माझ्याकडे दिलं आणि दारात वळल्या. "येते गं ठमाबाई. बोल, 'ये.'"

ठमी 'ये' बोलली नाही. नुसती लाळ गाळली.

त्या गेल्या आणि मला रडूच आलं. चारचौघं चार तोंडांनी बोलली होती आणि त्यातलं एकही उत्तर नव्हतं. उद्या सकाळी ताई येणार, 'जाते' म्हणणार, तो दुसरा संकलक तो शब्द बसवणार. आणि बाळंतपणात डोकं गेलेली बाई म्हणून मी सगळ्यांच्या लक्षात राहणार.

५

संध्याकाळी घरी मी ठमीला केळं भरवत होते. मन थाऱ्यावर नव्हतं. ती तोंड उघडेना, म्हणून मीच मोठ्ठा जबडा वासला. "आऽऽ कर. आऽऽ."

तिची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती, कानाकडे होती. तिने खिदळून हात पुढे केला. माझं कानातलं हलत होतं.

मी तोंड मिटलं. कानातलं थांबलं. ठमीचं हसूही थांबलं.

"आऽऽ." हललं. "एऽऽ." जागच्या जागी.

"अगं, काय माकडचेष्टा करतेस?" आतून गुडघा शेकता शेकता सासूबाई म्हणाल्या.

"आई, 'जा' म्हणा."

"कुणाला?"

"कुणालाच नाही. नुसतं म्हणा. आता 'ये' म्हणा."

त्या बिचाऱ्या म्हणाल्या. त्यांच्या कानातल्या कुड्या काही हलल्या नाहीत, पण कानाखालचा जबडा 'जा'ला खाली गेला आणि 'ये'ला गेला नाही.

मग त्यांनी ठमीला माझ्याकडून ओढून घेतलं. "केळं राहू दे. बाबा म्हण. बा-बा." ठमी क्षणभर त्यांच्या ओठांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बा." सासूबाई पुन्हा, "बा-बा." ठमी, "बा."

आधी शिकवणारी, मग बोलणारी. आधी एक आवाज, मग दुसरा. मी हातातला चमचा तसाच ठेवून उठले.

"आता कुठे?" सासूबाईंनी विचारलं.

"खोलीवर. लगेच येते."

"ये. आणि पोरीचे हात तरी पुसून जा."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई डबिंगच्या खोलीत काचेपलीकडे उभ्या होत्या, समोर माइक होता. त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. आमचं मात्र त्यांना बटण दाबल्याशिवाय ऐकू जात नव्हतं. काचेच्या अलीकडे दिग्दर्शक होते आणि दादा होते. दादांना मी बोलावलं होतं. ठमी माझ्या कडेवर.

"ही गर्दी कशाला?" दिग्दर्शक वैतागले.

"सर, काहीच पुसलेलं नाही," मी म्हणाले. "आधी हे बघा."

मी सिनेमाच्या मधला एक तुकडा लावला. ताई त्यातही पाठमोऱ्या होत्या, भांडता भांडता म्हणत होत्या, "जाऊ दे, मला नाही बोलायचं." 'जा'ला डूल टुणकन हलला.

"बरं मग?"

मी शेवटचा शॉट लावला, एकदम हळू. शब्द आला आणि गेला. मानेशी लोंबणारा डूल जागचा हलला नाही.

"'जाते' म्हणाल्या असत्या तर तो हलला असता. चित्र तर कुणी बदललेलं नाही ना? ताई त्या दिवशी 'येते'च म्हणाल्या."

दादांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मूर्खपणा," दिग्दर्शक म्हणाले. "मी स्वतः ऐकलंय. दाराच्या मागे होतो मी. हातभर अंतरावर. आणि तो खालचा 'जाते'? तो काय भुताचा?"

"तो ऐका ना नीट. तो 'येते'च्या बरोबर येत नाही, जरा आधी येतो. अर्धा श्वास आधी. तेव्हाही डूल स्थिर आहे, म्हणजे तो ताईंचा नाहीच. आपण सगळे फसलो ते 'जाते' या शब्दाला. 'जाते' म्हटलं की आपण धरून चालतो, बाईच बोलली. पण कुजबुजीला बाई-पुरुष नसतो, असं कानसेन सांगतात. बाईचं वाक्य, बाईच्या आधी अर्धा श्वास, दाराआडून कोण म्हणतं, सर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. माझंच शेवटचं वाक्य ते आवाज न करता पुन्हा म्हणत होते. ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात तोंडावर नेला.

"प्रॉम्प्टर," दादा म्हणाले. "अरे गाढवा, विंगेत उभा होतास तू."

"मी मुद्दाम नाही..." दिग्दर्शक म्हणाले. "मला कळतच नाही मी म्हणतोय ते."

"तुम्ही तुमचाच शब्द ऐकलात," मी म्हणाले. "ताईंचा त्याच्याखाली दबला. बाहेर येऊन तुम्ही 'जाते'चं कौतुक केलंत आणि बाकीच्यांनीही तेच ऐकलं, कारण सगळ्यांना तेच पाठ होतं. मलासुद्धा. मी तर आवाजही लावला नव्हता. एकाच माणसाने बरोबर ऐकलं. ते पडद्यावर दिसतंय." मी पुढचा शॉट लावला. नवऱ्याची मान वर येते तो. "नाटकात दादा कधीच मान वर करत नाहीत."

ठमीने बटणांकडे झेप घेतली, मी तिला मागे ओढलं.

"मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ," दादा कसंबसं म्हणाले. "सगळे जाते जाते म्हणत होते. मी फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. विचारू काय? तू येते म्हणालीस का, असं? आणि ती म्हणाली असती, कानात मळ साचलाय तुझ्या, तर?"

"अहो, काय चाललंय तुमचं?" काचेपलीकडून ताईंचा आवाज आला. "एक शब्द बोलायचाय. बोलू की घरी जाऊ?"

दिग्दर्शकांनी घसा साफ केला. "लेखकांना मी सांगतो," ते मला म्हणाले. "शिव्या मीच खाईन. शब्द आहे तोच राहू दे. माझा तेवढा काढता येईल?"

"बघते. पुरता निघणार नाही. तो ताईंच्या शब्दाला चिकटलाय."

"मग राहू दे." ते जरा थांबले. "आणि तुझं नाव आहे तिथेच. त्या दुसऱ्याला फोन करून नको म्हणतो. मी परवा जे बोललो, बहिणीचं म्हणून... तिला तसली सवय नाही खरं तर. ते माझंच होतं."

"माझं डोकं ठिकाणावर आहे, सर."

"दिसलं."

दादा काचेशी गेले होते. पलीकडे ताई, अलीकडे ते. त्यांनी तोंड उघडलं. इतकी वर्षं पाठ केलेली वाक्यं बोलणारा माणूस, आणि त्याला एक शब्द सापडेना. नाटकात 'जाते'नंतर नवऱ्याला वाक्यच नव्हतं.

दिग्दर्शक त्यांच्या खांद्यामागे सरकले. मान खाली घातली, आणि अर्धा श्वास आधी, नुसत्या हवेने म्हणाले,

"ये."

"ये," दादा म्हणाले. मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं.

ताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय? मला काही ऐकू येत नाहीये. कुणी बटण दाबेल का तिकडे?"

माझ्या एका हातात ठमी होती आणि दुसरा हात तिने तोंडात घातला होता. मी पुढे वाकले आणि कोपराने बटण दाबून धरलं.

"पुन्हा म्हणा, दादा," मी म्हणाले.